उंदीरकानी, हडर्सफील्ड

चिठ्ठीवर लिहिलं होतं: डायकॉन्ड्रा. रुपेरी.
उणे पाचच्या खाली जपा.
मी पान उलटं केलं, अंगठ्याने लव चोळली,
म्हटलं, रुपेरी कसली, ही तर उंदीरकानी,
राख फासून उभी केलेली.

ती नव्हे, ठाऊक आहे मला.
फार तर चुलत बहीण, दुसऱ्या खंडातली.
पण कान तेच. टवकारलेले.

दोन पौंडांना तीन कुंड्या.
मे संपता संपता लावल्या पायरीलगतच्या पट्टीत,
जिथे गिरण्यांची काजळी अजून दगड सोडत नाही
आणि ऊन येतं अकराला, जातं सव्वाबाराला,
बँकेतल्या साहेबासारखं.

शेजारचे ऑल्डरॉइड कुंपणावर कोपर टेकून म्हणाले,
"शोभेचं आहे. ऑक्टोबरपर्यंत मजा घ्या,
मग कंपोस्टात. पुढच्या वर्षी नवं."
रद्दीबद्दल बोलावं तसे बोलले.

जून. हललं नाही.
जुलै. गोगलगायी आल्या, चाखलं, नापसंत करून गेल्या.
ऑगस्टात एकदाचं मनावर घेतलं त्याने:
एक दोर इकडे, एक तिकडे,
दर बोटभर अंतरावर टाका घालत,
मुळीची गाठ मारत,
जणू ही पट्टी उसवेल अशी कुणी तंबी दिली होती.
पाऊस झाला की प्रत्येक कानात एक थेंब.
सगळी जमीन ऐकतेय असं वाटायचं,
आणि मी दार जरा हळू लावायची.

वॉटफर्डच्या कुंदावहिनी आल्या होत्या.
"अगदी आपल्यासारखंच गं हे! परकी माती, परकी हवा..."
डोळे भरत आले होते त्यांचे.
मी चहा पुढे केला.
म्हटलं, वहिनी, आपल्याला बॉयलर आहे.

ऑक्टोबरात कात्री घेतली.
नऊ तुकडे, दह्याचे नऊ डबे, स्वयंपाकघराची खिडकी.
बाहेर उरलेल्यावर बागेच्या दुकानातलं पांढरं कापड,
इतकं विरळ की वाराच त्यात राहायला आला.
आणि पाणी. रोज.
दिवसभर औषधांच्या दुकानात मी लोकांना सांगते,
दोन म्हणजे दोनच, जास्त घेतलं तर लवकर बरं वाटत नाही.
घरी येऊन पर्स ठेवायच्या आधी
झारी उचलायची.

जानेवारीत डबे एकेक करून बुंध्याशी काळे पडले.
नववा काही दिवस टिकला, मग तोही.
बाहेरचं कापड उचललं:
उकडून विसरलेला पालक.

"गारठ्याने नाही मेलं ते," ऑल्डरॉइड म्हणाले,
"ओलीने मेलं. इथे सगळं ओलीनेच मरतं."
मग स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं थोडा वेळ
आणि आत गेले.

मार्चात एका रविवारी त्यांनी कुंपणावर ठकठक केलं.
"इकडे या. चपला असू द्या."
त्यांच्या बाजूला, बॉयलरच्या धुराड्याखाली,
जिथे खडी टाकलीय आणि कुणी पाणी घालत नाही,
तिथे एक दोर.
ऑगस्टातच फळीखालून गेला असणार, कुणाला न विचारता.
सात पानं. शर्टाच्या बटणाएवढी. करडी. कोरडी.
वर काचेचा वाडगा उपडा,
पुडिंगचा, कडेला टवका उडालेला.

"तो पडलेलाच होता तिथे," ऑल्डरॉइड म्हणाले,
"कधीपासून."

वाडग्याच्या एका कडेखाली खडा होता,
नीट निवडून लावलेला,
हवा जाईल इतकाच.

मी काही बोलले नाही.
पानं मोजली. पुन्हा मोजली,
मोजणं हाच तर माझा धंदा.
मग लक्षात आलं, झारी हातातच आहे,
अर्धी भरलेली,
आणि ती मी पाठीमागे धरली.